मदत हवी आहे : जास्वंदीचा फोटो म्हणजे नुसता लाल गोळा (घाईचं आहे!)

ठिपक्यांची_रांगोळी :
सोसायटीच्या गणपतीच्या पत्रिकेवर आमच्याच बागेतली लाल जास्वंद टाकायची ठरलंय आणि फोटोचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तीन दिवसांत पन्नासेक काढले, एकही धड नाही. परवा सकाळी पत्रिका छापायला जाणार. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

फोकसकुमार :
धड नाही म्हणजे काय? हललाय? धूसर येतोय? कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, शटर किती? एक तरी फोटो डकवा. वाऱ्यावर फूल डुलत असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका.

उनाड_मैना :
फुलांचेच फोटो तर कासला जा ना! आम्ही गेलो तेव्हा एवढं धुकं होतं की फुलं सोडा, नवराही दिसत नव्हता. पण मजा आली.

ठिपक्यांची_रांगोळी :
कास नको, पत्रिका आहे. मोबाईल आहे हो, कॅमेरा नाही. हलत नाहीये. पाकळ्याच दिसत नाहीत! शिरा नाहीत, सुरकुत्या नाहीत, कुठली पाकळी कुठे संपते तेही कळत नाही. मागची पानं मात्र झकास येतात. फोटो डकवलाय, बघा.

फोकसकुमार :
मोबाईल म्हटल्यावर विषय संपला. कुणाकडून तरी कॅमेरा आणि १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची लेन्स) मागून आणा. ट्रायपॉडही.

काडेपेटी :
विषय संपत नाही, फोकसराव. ऑटोवर ठेवलात तर तुमची मॅक्रोही लाल गोळाच देईल.
ताई, 'पानं झकास येतात' यातच उत्तर आहे. मोबाईल चौकटीभरचा उजेड बघतो. गर्द पानं जास्त, म्हणून त्याला वाटतं अंधार आहे आणि तो उजेड वाढवतो. फोटोत लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नोंदले जातात, प्रत्येकाला जागा ० ते २५५. जास्वंदीत सगळा भार लालवर. तो २५५ ला जाऊन टेकला की पाकळीचा उंचवटाही २५५ आणि घडीही २५५. शिरा दिसणार कुठून?
फुलावर बोट टेकवा, सूर्याचं चिन्ह येईल ते खाली ओढा. पानं काळपट झाली तरी होऊ द्या. रंग आपोआप भडक करणारी सोय असेल तर ती बंद. आणि सावल्या एवढ्या आखूड का? भर बाराला काढताय?

कुंडीवाली_मावशी :
उजवीकडच्या कळीच्या देठाशी कापसासारखं पांढरं दिसतंय तो पिठ्या ढेकूण आहे. आजच पाण्याचा जोरात फवारा मारा, मग कडुनिंबाचं तेल. नाहीतर गणपतीपर्यंत कळ्या गळतील.

ठिपक्यांची_रांगोळी :
बाराला काढते कारण त्याआधी वेळ मिळत नाही आणि नंतर फूल मिटायला लागतं. सकाळी काढून उपयोग नाही. साडेसहाला फिरायला येणारे आजोबा काठीला आकडा लावून झाड साफ करतात, पूजेसाठी. काठी पोचत नाही ते टोकाचं एकच उरतं. त्याच्यावर रणरणतं ऊन. मी स्टुलावर.

काडेपेटी :
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं ना!

उनाड_मैना :
आमच्याकडे 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावली होती. पाटीच गेली.

जुना_बाजीराव :
तोडली तर काय बिघडलं? देवालाच जातात ना. फोटोपेक्षा देवाच्या पायाशी बरी.

उनाड_मैना :
दुसऱ्याच्या झाडाची फुलं वाहून पुण्य कुणाला मिळतं, बाजीराव? झाडाला पाणी घालताना हे आजोबा कधी दिसत नाहीत.

कुंडीवाली_मावशी :
भांडू नका. रांगोळीताई, आज संध्याकाळी चांगली फुगलेली, टोकाला रंग दिसणारी कळी देठासकट तोडा आणि पाण्यात ठेवा. सकाळी आपोआप उमलते. दोन-तीन आणा, एखादी दगा देते. ती ढेकणाची फांदी नको.

फोकसकुमार :
म्हणजे बागेतलं फूल बाल्कनीत आणून फोटो? याला फसवणूक म्हणतात.

काडेपेटी :
आणि मागून आणलेली मॅक्रो काय? ताई, मावशींचं ऐका. आठच्या सुमारास, थेट ऊन येत नाही तिथे. आभाळ भरलेलं असेल तर उत्तमच. आणि फोनच्या 'मॅक्रो'ला भुलू नका, स्वस्त फोनात तो कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा असतो. साधा कॅमेरा, हातभर मागे, २एक्स झूम.

खिळेजुळारी :
छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. कागदावर लाल म्हणजे किरमिजी आणि पिवळी शाई एकावर एक. दोन्ही शंभर टक्के भरल्या की चांगल्या फोटोचाही परत गोळा. डिझायनरला बजावा, रंग आणखी चढवू नकोस. फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता पाठवलात तर पिचतो.

ठिपक्यांची_रांगोळी :
आला!! तीनपैकी दोन कळ्या उमलल्या. सूर्य बराच खाली ओढला, पाकळ्यांच्या शिरा मोजता येतायत, मधल्या दांड्यावरचे परागसुद्धा. मावशी, काडेपेटी, खिळेजुळारी, तिघांचे आभार. फोटो डॉक्युमेंट करून पाठवला. समितीचं उत्तर आलं : 'छान आहे, पण लाल जरा कमी वाटतो, वाढवून देता का?'

जुना_बाजीराव :
ते कडुनिंबाचं तेल लिटरला किती घालायचं? आमच्या जास्वंदीवर पण कापूस दिसतोय.