पाण्यातल्या पाळीव कासवाला त्रास न देता कसे हाताळावे?

अंत्रूजकार

आमच्या फोंड्याच्या घरी एक कासव आहे. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेली, दुकानदार ज्याला ‘रेड-इअर्ड स्लायडर’ म्हणतात तीच ही जात. टाकीतले पाणी बदलताना त्याला बाहेर काढावे लागते, आणि मी हात आत घातला की ते मान ओढून घेऊन फुसकारते, उचलल्यावर चारही पाय झाडते आणि पुष्कळदा हातावर पाणी सोडते. एरवी मात्र मला पाहताच काचेपाशी धावत येते, म्हणून हा राग आहे की भीती, हे कळत नाही. आता चवथ तोंडावर आली आहे. मूळ घरी सगळे कुटुंब जमेल, त्यात लहान मुलेही पुष्कळ, आणि कासव हातात घ्यायचा हट्ट ती करणारच. त्याला कसे उचलावे, मुलांच्या हाती द्यावे का, आणि मुळात सोबत न्यावे की इथेच ठेवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मांडवीकाठ

ही भीतीच आहे. कासव मान आणि पाय झटकन आत घेते तेव्हा कवचात जागा व्हावी म्हणून फुप्फुसांतली हवा जोराने बाहेर पडते, आणि आपल्याला ऐकू येतो तो फुसकारा तोच. काचेपाशी येते ते खाणे मिळेल म्हणून; त्यावरून त्याला उचललेले आवडते असा अर्थ काढू नये. कुत्र्या-मांजरासारखी अंगाखांद्यावर घेण्याची ओढ या प्राण्याला नसते, हे एकदा मान्य केले की बाकीचे बरेच सोपे होते.

उचलणे भागच असेल तेव्हा हात वरून नेऊ नका, कारण वरून झेपावणारी सावली म्हणजे घार किंवा बगळा एवढेच त्याला ठाऊक असते. बाजूने, त्याला दिसेल असा सावकाश हात न्यावा, दोन्ही हातांनी पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधली कवचाची कड धरावी, अंगठे पाठीवर आणि बाकीची बोटे पोटाखाली ठेवावीत. पकड थोडी मागच्या अंगाला असू द्या, कारण या जातीची मान वाटते त्याहून लांब पोचते आणि चावा चांगलाच लागतो. पाय झाडते ते पायांखाली काही नसते म्हणून. पोटाखाली तळहाताचा भक्कम आधार मिळाला की बहुतेक कासवे निवळतात. शेपटीला किंवा एखाद्या पायाला धरून कधीही उचलू नये, उताणे करू नये, आणि उचलताना आपण जमिनीवर बसलेले असावे. ओले कवच साबणाच्या वडीसारखे निसटते, आणि लादीवर पडून कवचाला तडा गेला तर ते हाडच मोडलेले असते, कारण कवच पाठीच्या कण्याला आणि बरगड्यांना सांधलेले आहे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, संवेदना आहे. त्यामुळे कवचावर टकटक करणे किंवा त्याला रंग लावणे हे प्रकारही टाळावेत.

खरे सांगायचे तर पाणी बदलण्यासाठी त्याला बाहेर काढण्याची दर वेळी गरजच नाही. लवचीक नळी लावून अर्धे पाणी खालच्या बादलीत उतरवा, आणि क्लोरीन जाण्यासाठी आदल्या दिवसापासून उघडे ठेवलेले पाणी हळूहळू आत सोडा. नवे पाणी टाकीतल्या पाण्याइतकेच कोमट असावे. नळीतून पाणी ओढायला तोंड मात्र अजिबात लावू नका.

म्हापशेकर

तोंड का लावू नये, ते मी सांगते. पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात काम करत असल्यामुळे हा विषय रोजचा आहे. कासव वरून ठणठणीत दिसत असले तरी त्याच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि ते विष्ठेतून पाण्यात व कवचावर येतात. अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे, ती मुले त्यांना तोंडाला लावत आणि आजारी पडत म्हणूनच. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांना कासव किंवा टाकीचे पाणी हाताळू देऊ नये. मोठ्या मुलांनीही हात लावल्यावर साबणाने नीट हात धुवावेत, आणि टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुण्याचा मोह आवरावा, चवथीच्या दिवसांत तर विशेषच.

मुलांना काही करायला दिले की हट्ट मावळतो. लांब चिमट्याने पालकाचे पान किंवा खाद्याची गोळी द्यायला सांगा. कासव ती कशी झडप घालून घेते हे पाहण्यात उचलण्यापेक्षा अधिक गंमत आहे.

अंत्रूजकार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नळीची युक्ती आजच करून पाहतो. सोबत नेण्याचे काय करावे, तेवढे राहिले.

काणकोणची वाट

नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फटाके, आरतीचा गजर आणि माणसांची ये-जा यांतला आवाज कासवाला हादऱ्यांच्या रूपाने पाण्यातून आणि जमिनीतून जाणवतो, आणि नव्या जागी ते खाणे सोडू शकते. वाढलेल्या निरोगी कासवाला तसेही एक दिवसाआड खाणे पुरते, त्यामुळे दोन-तीन दिवस ते उपाशी राहिले तरी बिघडत नाही. फक्त दिवा आणि फिल्टर चालू आहेत ना, हे शेजाऱ्यांना येऊन पाहायला सांगा. न्यावेच लागले तर पाण्याच्या बादलीतून नव्हे, तर हवेसाठी भोके पाडलेल्या झाकणाच्या डब्यात ओला टॉवेल अंथरून न्या, आणि उन्हातल्या बंद गाडीत एक क्षणही ठेवू नका. परत आल्यावर ते एका कुशीवर कलंडून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ती फुप्फुसाच्या आजाराची लक्षणे असू शकतात. तेव्हा पशुवैद्यांकडे जायला उशीर करू नये.

तुमच्याकडचे स्लायडर आहे हे पट्ट्यावरून दिसतेच. पण पावसाळ्यात शेतात सापडलेले मऊ पाठीचे कासव कुणी घरी आणून ठेवले असेल, तर ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि ते पाळता येत नाही. वन खात्याला कळवावे. उलट स्लायडर परदेशी आहे, तेव्हा कंटाळा आला म्हणून ते करमळीच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही तळ्यात सोडू नये. ते तीस-तीस वर्षे जगते आणि आपल्या कासवांची खाण्याची व ऊन घेण्याची जागा बळकावते.