५७६ ओळींची लग्नाची कॅसेट: १०८० करून चढवायची की आहे तशी?

टेपडेक
मत सरळ मांडतो. व्हीएचएस किंवा मिनीडीव्हीवरून उतरवलेलं घरचं चित्रीकरण यूट्यूबवर टाकायचं असेल तर आधी घरीच डीइंटरलेस करा (एकाआड एक ओळींत गुंफलेली दोन अर्धी चित्रं सुटी करा), सेकंदाला ५० फ्रेमचं करा आणि १४४० बाय १०८० ला मोठं करून मगच चढवा. यूट्यूबकडे ५७६ ओळींची, म्हणजे ५७६ पिक्सेल उंचीची, पायरीच नाही. ७६८ बाय ५७६ ची फाइल दिलीत तर बघणाऱ्याला ६४० बाय ४८० मिळते, म्हणजे ९६ ओळी वाटेतच गेल्या. शिवाय ५० फ्रेम तिथे ७२० पासून पुढेच चालतात, त्याखाली २५ च उरतात.

हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये: डीइंटरलेसला बीडब्ल्यूडिफ फिल्टर, त्यात बॉब (प्रत्येक अर्ध्या चित्राची वेगळी फ्रेम). फ्रेमरेट ५०, कॉन्स्टंट. अॅनामॉर्फिक (दाखवताना पिक्सेल ताणण्याची सोय) बंद, अपस्केलिंगची परवानगी चालू, १४४० बाय १०८०. एच२६४ कोडेक, आरएफ (दर्जाचा आकडा, कमी तेवढा चांगला) १७. बाजूच्या काळ्या पट्ट्या स्वतः जोडू नका, प्लेअर त्या आपोआप दाखवतो.

शंकेखोर
उडदाचा पापड तळून मोठा झाला म्हणून पीठ वाढत नाही. व्हीएचएसचा आडवा तपशील जेमतेम २४० ओळींचा, त्याला १४४० पिक्सेल कशाला? हिशोब करा: १०८० ला ५० फ्रेमसाठी यूट्यूबच १२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) सुचवतं, म्हणजे तासाला ५.४ जीबी. तीन तासांची ई-१८० कॅसेट १६ जीबीच्या वर गेली. गावाकडच्या कनेक्शनवर अपलोड रात्रभर चालेल आणि पहाटे तुटेल. ७६८ बाय ५७६, २५ फ्रेम, ४ एमबीपीएस केलंत तर तीच कॅसेट ५.४ जीबीत बसते. बघणारे नातेवाईक मोबाइलवर बघणार.

टेपडेक
२४० हा आडवा आकडा झाला. उभ्या ५७६ ओळी टेपवर वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात, त्या का टाकायच्या? आणि खरा फरक हालचालीत आहे. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या चित्रात सेकंदाला ५० फील्ड (अर्धी चित्रं) असतात, प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं. २५ केलंत की अर्धे क्षण गेले. वरातीतला नाच, अक्षता पडतानाचा गोंधळ, कॅमेरामनने मांडवभर गरगर फिरवलेला कॅमेरा, हे सगळं अडखळत दिसतं. फाइलच जड वाटत असेल तर ९६० बाय ७२० करा, ७.५ एमबीपीएसला तासाला ३.४ जीबी. ५० फ्रेम तिथेही मिळतात. त्याखाली मात्र उतरू नका.

मूळप्रत
आकारावर भांडताय, पण चित्र बिघडतं ते त्याआधीच. तीन जागा सांगतो.

पहिली, क्रम. आधी डीइंटरलेस, नंतर मोठं करणं. उलटं केलंत तर दोन फील्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि कंगव्यासारखे दाते जाड होऊन कायमचे बसतात. नंतर कुठलाच फिल्टर ते काढत नाही. इंटरलेस्ड फाइल जशीच्या तशी चढवली तरी ५० फ्रेम मिळत नाहीतच.

दुसरी, फील्डचा क्रम. डीव्हीत (मिनीडीव्ही टेपच्या नोंदीत) खालचं फील्ड आधी येतं, बहुतेक कॅप्चर कार्डांत वरचं. चुकलं तर हालणारी वस्तू दोन पावलं पुढे, एक मागे अशी थरथरते. ५० फ्रेमची छोटी चाचणी फाइल काढा, व्हीएलसी प्लेअरमध्ये ई कळ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. हात मागे सरकताना दिसला की क्रम उलटा.

तिसरी, रंग. जुनं चित्र बीटी.६०१ या रंगाच्या मानकाच्या गणिताने रंगवलेलं असतं, एचडी बीटी.७०९ च्या. नुसता आकार वाढवून गणित तेच ठेवलं आणि फाइलवर ७०९ चा शिक्का मारला, तर नवरीच्या शालूचा लाल केशरीकडे झुकतो. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये रंगाचं रूपांतर वेगळं सांगावं लागतं.

आकाराबद्दल एवढंच: मूळ फाइलच्या रुंदीतल्या ७२० पैकी खरे चित्राचे पिक्सेल ७०४. दोन्ही कडांचे ८-८ कापा, मग १४४० बाय १०८० केलं की चेहरे बारीक होत नाहीत. तळाच्या ८-१० ओळी वाकड्यातिकड्या दिसतात, तो व्हीसीआर एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जातानाचा दोष. त्या कापू नका, काळ्या पट्टीने झाका, म्हणजे प्रमाण टिकतं.

बोस्टनकर
अमेरिकेत काढलेल्या टेपांना यातले आकडे लावू नका. त्या एनटीएससी या तिथल्या टीव्ही पद्धतीच्या: ७२० बाय ४८०, सेकंदाला ५९.९४ फील्ड. फ्रेमरेट ५९.९४ ठेवा. इथलं बारसं आणि पुण्याचं लग्न एकाच टाइमलाइनवर जोडलंत तर दोघांपैकी एक हिसके देणारच. दोन वेगळ्या फाइली करा. ओळी तिथे मुळातच ४८०, त्यामुळे ९६ ओळींचा मुद्दा गळतो. हालचालीचा मुद्दा मात्र तसाच राहतो.

शंकेखोर
७२० मान्य, १०८० अजून नाही. टेपवरची रंगांची खरखर मोठी केलीत की बिटरेट तीच खाते आणि चेहऱ्यांवर चौकोन उमटतात.

टेपडेक
खरखरीवर हँडब्रेकचा एचक्यूडीएन३डी हा खरखर कमी करणारा फिल्टर हलका लावा, तोही डीइंटरलेस झाल्यावर. जोरात लावलात तर जरीचा पोत मेणासारखा होतो. आणि १०८० का? यूट्यूब प्रत्येक फाइल पुन्हा आवळतं, मोठ्या पायरीला जास्त बिटरेट देतं. ७२० वर गर्दीचं दृश्य पुसट होतं, तेच १०८० वर तग धरतं.

मूळप्रत
एआयने चेहरे 'स्वच्छ' करणाऱ्यांचा विषय निघायच्या आधीच सांगतो: ते यंत्र नसलेल्या पापण्या आणि दात रचतं. पणजीचा चेहरा तिचा राहत नाही. चढवायच्या फाइलवर काय हवं ते करा, पण मूळ डीव्ही फाइल, तासाला साधारण १३ जीबी, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

शंकेखोर
आवाजाचं कुणीच बोललं नाही. साध्या व्हीएचएसचा आवाज बऱ्याचदा एकाच कानात येतो. तो चॅनेल दोन्हीकडे कॉपी करा, ४८ किलोहर्ट्झ, एएसी ३८४ केबीपीएस. डीव्हीत १२ बिटचा ३२ किलोहर्ट्झ आवाज असू शकतो, तोही ४८ ला न्या.

बोस्टनकर
आणि शूटिंगवाल्याने मिक्सिंगमध्ये घातलेली सिनेमाची गाणी? व्हिडिओ अनलिस्टेड (फक्त लिंक असलेल्यांना दिसणारा) ठेवला तरी यूट्यूबची गाण्यांच्या हक्कांची तपासणी होतेच, हक्काचा दावा आला तर काही देशांत तो दिसतही नाही. आधी गाण्याचा पाच मिनिटांचा तुकडा चढवून बघा, मगच अख्खी कॅसेट. खातं पडताळलेलं नसेल तर १५ मिनिटांपुढची फाइल घेतच नाही, तेही आधीच उरका.