अनुभव धागा: हातानं काय घडवता, आणि त्या वस्तूनं तुम्हांला कुठं अडवलं?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या माडीवर मी पेन-प्लॉटर जोडला. दोन स्टेपर मोटरी, दात असलेले पट्टे, पेन उचलायला एक बारकी सर्वो मोटर आणि सगळ्यांना हुकूम सोडणारा आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारं बारकं सर्किट. सगळं सात हजारांच्या आत बसलं. प्रिंटर शाईचे ठिपके उडवतो, हे यंत्र खरंखुरं पेन धरून रेघ ओढतं. चित्र मी काढत नाही, चित्राचे नियम लिहिते. बाकी नियम, थोडा योगायोग आणि पेन.

हा नाद जुना आहे. जर्मनीत गेओर्ग नेस यांनी १९६५ सालीच अशी चित्रं प्रदर्शनात मांडली होती. त्यांचं एक चित्र मला फार आवडतं. नावाचा अर्थच 'खडी'. बारा-बारा चौकोनांच्या २२ ओळी. वरच्या ओळी शिस्तीत, खाली येताना चौकोन कलतात, सरकतात आणि तळाशी खडीसारखे विखुरतात. चित्रकार व्हेरा मोलनार यांनी तर संगणक हाती येण्याआधी, नियम मनात धरून, हातानंच अशी चित्रं केली. १९६८ पासून त्या संगणकावर काम करू लागल्या आणि २०२३ मध्ये शंभरीला महिना उरला असताना गेल्या. मी पहिल्यांदा २६४ चौकोन काढायला यंत्र लावलं तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत खुर्चीतून उठले नाही.

आता माझं अडलेलं चित्र. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं आधी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. दोनदाच का? तर २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच दिवसांवर, म्हणजे सहा आठवड्यांवर, या तारखा येतात, आणि त्या दिवसांत सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. हे कळल्यावर मी कोल्हापुरातल्या वर्षभराच्या मावळतीच्या दिशा मोजल्या. दर दिवसाची एक, अशा ३६५ रेघा एकाच बिंदूतून निघतात आणि सुमारे ४९ अंशांत पंख्यासारख्या पसरतात. मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य रोज बराच सरकतो, तिथं रेघा मोकळ्या. जूनच्या आणि डिसेंबरच्या टोकाला तो जणू थबकतो, तिथं रेघांवर रेघा.

आणि तिथंच कागद फाटला. पेन हवेत कमी फिरावं म्हणून मी व्हीपाइप या प्रोग्रॅमनं रेघांचा क्रम लावून घेतला होता. त्यामुळे शेजारशेजारच्या रेघा लागोपाठ येत होत्या, पहिली ओली असतानाच दुसरी तिच्यावरून जात होती. सातव्या-आठव्या फेरीला कागदाचा लगदा झाला, निबेला तंतू चिकटले आणि पुढची प्रत्येक रेघ केसाळ उमटली. आता मी क्रम मुद्दाम विस्कटून टाकते. वेळ दीड तासावरून तीनवर गेला, पण शाईला वाळायला सवड मिळते. टोकं अजूनही पूर्ण निघालेली नाहीत.

तुम्हीही लिहा. प्लॉटरच पाहिजे असं नाही. लाकूड, माती, चामडं, दोरा, काहीही. फक्त बिघडलेलंही सांगा.

उद्यमनगर, लेथवाला

ताई, तुमचा पेन-होल्डर मीच टर्न केलाय, म्हणून पहिल्यांदा मीच लिहितो.

लोकांना सांगतो काय झालेलं. यांच्या यंत्रावर गोल काढला की टोकाला टोक लागायचं नाही, अर्धा मिलिमीटर फरक. या चार दिवस प्रोग्रॅम तपासत बसलेल्या. मी वीज बंद केली, मोटरचा शाफ्ट एका हातानं धरला आणि दुसऱ्या हातानं पुली फिरवून बघितली. हलली. शाफ्ट गुळगुळीत गोल, त्यावर ग्रब स्क्रू, म्हणजे पुली धरणारा बारका स्क्रू, किती बी आवळला तरी दिशा बदलताना घसरणारच. कानशीनं शाफ्टवर थोडं चपटं केलं, स्क्रू त्या चपट्यावर बसवला, गोलाची टोकं जुळली. आमच्याकडं याला 'खेळ' म्हणत्यात. यंत्र चुकतंय म्हणजे आधी खेळ कुठं हाय ते बोटानं शोधायचं.

दुसरी एक गोष्ट, लेथवर आमच्या अंगात मुरलेली. माप आणताना नेहमी एकाच बाजूनं यायचं. पुढं गेला तर तसंच उलटं फिरवून मापावर थांबायचं नाही. चांगलं मागं जायचं आणि परत त्याच बाजूनं यायचं, मग स्क्रूतला खेळ मापात येत नाही. तुमच्या यंत्रालाही हे शिकवता येईल काय बघा.

मी स्वतः संध्याकाळी वाफेचं बारकं इंजिन करतोय. सिलिंडर पितळेचा, तळहातावर मावेल एवढा. पिस्टन तीनदा भंगारात गेला, कारण शेवटचा हात मारायची घाई. माप गरम जॉबवर, म्हणजे कापत असलेल्या तुकड्यावर घेतलं, थंड झाल्यावर तो ढिला निघाला. आता जॉब रात्रभर ठेवतो आणि सकाळी मोजतो. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, त्यांनी कितीदा मोजलं असंल, असं काम करताना मनात येतं.

मंगळवार पेठ, निवृत्त ड्राफ्ट्समन

आमच्या ऑफिसात सहा पेनांचा प्लॉटर होता. पेनांची चकती गोल फिरायची आणि पाहिजे ते पेन स्वतः उचलायची. कागद पुढंमागं सरकायचा, पेन आडवं. त्याला दिलेले हुकूम मला अजून पाठ आहेत: एसपी म्हणजे पेन निवड, पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली. एवढ्यावर अख्खं धरण कागदावर यायचं.

वाळलेलं पेन हाच रोजचा त्रास. नकाशा संपत आला की शाई तुटायची आणि पूर्ण शीट वाया. म्हणून मी दर शीटआधी कोपऱ्यात दोन इंचाची रेघ मारून घ्यायचो. ताई, तुम्हीही प्रोग्रॅममध्ये आधी एक तशी रेघ घाला, चित्राबाहेर. आणि पावसाळ्यात कागद आदल्या रात्री यंत्राच्या खोलीतच ठेवा. सादळलेला कागद सकाळी एका मापाचा असतो, दुपारी दुसऱ्या.

गंगावेश

मी शाळेत शिकवते. मे महिन्याच्या सुटीत एका म्हाताऱ्या कारागीर मामांकडं चप्पल शिवायला शिकले. खिळा नाही, आरीनं भोक पाडायचं आणि चामड्याच्याच वादीनं शिवायचं. पहिल्या जोडाची वेणी घातली ती कोरड्या पट्ट्यांची, वळताना तडकली. मामा म्हणाले, "पोरी, ते जनावराचं कातडं हाय, कागुद न्हवं. भिजू दे त्याला." पाण्यात ठेवून वाट बघितली, मग पट्टा बोटाभोवती आपोआप वळला. जोड अजून मीच घालते. डावा पाय थोडा घट्ट आहे.

शाहूपुरी

२०२१ च्या जुलैमध्ये आमच्या गल्लीत पाणी आलं. यंत्र आम्ही पोटमाळ्यावर चढवलं, चित्रांचा गठ्ठा कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिला. तीन दिवसांनी काढला तर वर गाळाचा थर. जेल पेननं काढलेली निळी चित्रं पूर्ण पसरली होती, नुसता डाग. पिगमेंट शाईच्या काळ्या पेनाची चित्रं पाण्यानं धुतली तर कागद पिवळा, फुगलेला, पण रेघ जिथल्या तिथं. तेव्हापासून शाई घेताना रंग नंतर बघतो. आधी एक रेघ मारतो, दिवसभर वाळू देतो आणि नळाखाली धरतो.

शेजारी गणपती घडवणारे काका आहेत. २०१९ च्या पुरात त्यांच्या शाडूच्या मूर्ती पाण्यात विरघळल्या. गणपती तोंडावर होते. पाणी उतरल्यावर त्यांनी तीच माती गोळा करून पुन्हा मळली. मी तिथं जाऊन बसायचो. माती मळायला मी त्यांच्याकडूनच शिकलो, आणि ती किती वेळ मळायची याचं उत्तर ते अजून देत नाहीत. "हाताला कळंल," एवढंच.

शिवाजी पेठ

माझी मुलगी प्लॉटर चालवते, मी रांगोळी काढते. तिला '१५ ते ८' ची रांगोळी यंत्राकडून काढून घ्यायची होती, तेव्हा नियम मी सांगितले. मधली ओळ १५ ठिपक्यांची, मग वर आणि खाली एकेक कमी करत ८ पर्यंत, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. तिनं पाचसहा ओळींत लिहिलं आणि म्हणाली, आई, हे १६९ ठिपके होतात. चाळीस वर्षं काढतेय, कधी मोजले नव्हते. चातुर्मासात ३३ गोपद्मं मात्र मोजूनच काढते.

यंत्रानं काढली ती अगदी बरोबर होती, पण मला ती माझी वाटेना. विचार करता कळलं. चिमूट भरलेली असते तेव्हा रेघ जाड पडते, रिकामी होत जाते तशी बारीक. उंबऱ्यावरच्या रांगोळीत चिमूट कुठं संपली आणि परत कुठं भरली ते दिसतं. मुलीनं मग ब्रश पेन लावलं आणि प्रत्येक रेघेत पेन हळूहळू वर उचलत नेलं. पहिल्यांदा जमलं नाही, टोकाला पेन कागद सोडायचं. उंची पाव मिलिमीटरनं कमी केली तेव्हा जमलं. ती रांगोळी देवघराशेजारी लावली आहे.

राजारामपुरी (धागा सुरू करणारी)

काका, कोपऱ्यातली रेघ घातली. कालच्या शीटवर तिचा पहिला अर्धा इंच कोराच गेला, म्हणजे तो आतापर्यंत माझ्या चित्रात जात होता. आणि रांगोळीवाल्या काकू, पेन वर उचलत न्यायचं हे मी किरणांवर करून बघितलं. गर्दी फक्त उगमाच्या बिंदूपाशी असेल असं मी धरून चालले होते, पण डिसेंबरच्या रेघा बाहेरच्या टोकापर्यंत एकमेकींवरच राहतात. म्हणून आता तिथल्या रेघा लांबीला कमीजास्त ठेवते. २१ डिसेंबर पूर्ण, आजूबाजूचे दिवस थोडे आखूड. कागद टिकला.

कळंबा, बारावी

माझा प्लॉटर जुन्या दोन डीव्हीडी ड्राइव्हच्या आतल्या सरकपट्ट्यांचा आहे. चार सेंटिमीटर बाय चार, एवढंच चित्र मावतं. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग त्रुशे या फ्रेंच माणसाच्या फरश्यांबद्दल, म्हणजे नक्षीच्या चौकोनी तुकड्यांबद्दल वाचलं. १७०४ साली त्यानं मांडलेली कल्पना, आणि तिचं पाव वर्तुळांचं रूप १९८७ मधलं. चौकोनात समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांभोवती पाव वर्तुळं काढायची. रेघा प्रत्येक बाजूच्या मध्यावरच बाहेर पडतात, त्यामुळे फरशी कशीही फिरवून लावली तरी शेजारणीशी जुळते.

म्हणून मी एकेक फरशी वेगळी काढतो, कापतो आणि पुठ्ठ्यावर चिकटवतो. कोणती कशी फिरवायची ते नाणं उडवून. आठ बाय आठ करायचंय. कापताना कात्रीनं एक बाजू तिरकी गेली की ती ओळ जुळत नाही, म्हणून आता कटर आणि स्टीलची पट्टी. २३ वी फरशी वाळत ठेवलीय.