मदत हवी आहे: मोहाची टोळंबी (बी) उगवत नाही, पिशव्या रिकाम्या

तळोदा_रोपवाटिका:
300 पिशव्या भरल्या. 22 दिवस झाले, फक्त 9 रोपं वर आली. झारीने रोज पाणी देतोय, वर शेडनेट आहे. काय चुकतंय? याच पावसाळ्यात बांधावर लावायची आहेत, लवकर सांगा.

बागलाण_बांध:
बी कधीचं, कुठून आणलं, पिशवी केवढी? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

केळीवाला_रावेर:
पाणी उकळून उतरवा, बी टाकून रात्रभर राहू द्या भो. सकाळी फुगलेलं तेवढं पेरा. सुबाभळीला हमखास चालतं.

अनेर_काठ:
केळीवाले भाऊ, मोहाला हे करू नका. सुबाभळीचं कवच टणक, पाणी आत शिरत नाही, म्हणून गरम पाणी लागतं. मोहाचं बी तेलकट, ओल असेपर्यंतच जिवंत. वाळलं की मेलं. गरम पाण्यात तर शिजेल.

तळोदा_रोपवाटिका:
बाजारातून 5 किलो घेतलं. फोडलेलं, खडखडीत वाळलेलं, एकदम स्वच्छ. पिशवी 5 बाय 7 इंच.

अनेर_काठ:
मग बीच चुकलं. ते घाण्यावर तेल काढायला फोडून उन्हात वाळवलेलं असतं. न उगवलेली दहा उकरून चिरा. आतलं दळ पांढरट, घट्ट असेल तर थांबा. तपकिरी आणि खवट वास आला तर पिशवी रिकामी करा.

तळोदा_रोपवाटिका:
दहाही तपकिरी. दोन तर बोटाने दाबताच भुगा झाले.

अनेर_काठ:
पिकून पडलेली फळं झाडाखालून गोळा करा. गर त्याच दिवशी काढा, बी सावलीत ठेवा, उन्हात नाही. आठवडाभरात पेरा. आडवं, इंचभर खोल. जास्त खोल गेलं की कुजतं. सोटमूळ लांब जातं म्हणून निदान 5 बाय 9 ची पिशवी घ्या. 2 भाग माती, 1 वाळू, 1 कुजलेलं शेणखत. पिशव्या अधूनमधून हलवा, नाहीतर मूळ खाली जमिनीत घुसतं आणि उचलताना तुटतं. उंदीर-खारींसाठी वर जाळी टाका.

बागलाण_बांध:
एवढा खटाटोप कशाला? ताजं बी थेट बांधावर टोका, एका जागी तीन. सोटमूळ मोडतच नाही.

अनेर_काठ:
गुरं मोकळी सुटत असतील तर थेट टोकलेलं टिकत नाही. काट्यांचं कुंपण करणार असाल तरच.

शिया_ते_मोह:
बियांच्या झाडाला फुलं यायला आठ-दहा वर्षं लागतात, कलमच करा. पश्चिम आफ्रिकेतलं शिया हे झाड मोहाच्याच कुळातलं, त्याचंही बी वाळलं की मरतं. तिथे नैरोबीच्या जागतिक कृषिवानिकी केंद्राने शेतकऱ्यांनी निवडलेल्या झाडांवर काम केलं. आपल्याकडे गुजरातेत गोध्र्याजवळच्या वेजलपूर फळबाग संशोधन केंद्राचा ‘थार मधु’ हा मोहाचा वाण आहे.

बागलाण_बांध:
कलमाला आधी खुंट (ज्यावर कलम बांधतात ते रोप) लागतो ना? तोच तर उगवत नाहीये त्यांचा.

पाचोरा_शेती:
फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळू नका, जाळी अंथरा. जाळामुळेच झाडाखालची रोपं मरतात.

तळोदा_रोपवाटिका:
वरच्या पाड्यावर अजून फळं पडताहेत. उद्या पहाटे जातो. गर राखेने घासून काढला तर चालेल का?

अनेर_काठ:
चालेल. पण लगेच धुवा, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळूनच खाली आणा.