वाक्य खरं वाटेल असंच निवड

बाळंतपणाच्या कळांसाठी मनाची तयारी म्हणून 'मला अजिबात दुखणार नाही' असं रोज एकवीस वेळा म्हणते, एवढं पुरेल का, असं विचारलंयस. आधी ते वाक्य बदल. पहिली कळ आली की ते खोटं ठरतं आणि नेमका तेव्हाच धीर सुटतो. माझं वाक्य होतं, 'ही कळ येईल आणि ओसरेल.' डब्यांच्या फळीवर कागद चिकटवला होता, फोडणी देतानाही नजर जायची.

सोबत बर्फाचा सराव कर. सातव्या महिन्यापासून मी रात्री बर्फाचा खडा मुठीत धरून मिनिटभर बसायचे. आधी बोटं बधिर, मग मनगटापर्यंत ठणका, आणि मन म्हणतं, 'टाक आता.' तेव्हा फक्त लांब श्वास सोडायचा, खांदे आणि जबडा सैल. मग थोडी विश्रांती, दुसरा हात. कळाही अशाच येतात, साधारण मिनिटभर, मधे उसंत. त्या उसंतीत पुढच्या कळेची धास्ती न घेता पडून राहणं मला सर्वांत अवघड गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या प्रसूतीविषयक शिफारशींत श्वसन, स्नायू सैल सोडणं, संगीत, माइंडफुलनेस (म्हणजे चालू क्षणावर लक्ष ठेवणं) हे सगळं आहे, आणि एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून दिलं जाणारं औषध, तेही आहे. त्यामुळे ते घ्यावं लागलं किंवा सिझेरियन झालं, तर आपलं मन कमी पडलं असं वाटून घेऊ नकोस. माझं दुसरं बाळ सिझेरियननेच झालं. पाठीत भुलीचं इंजेक्शन देताना मी तेच वाक्य पुटपुटत होते.