बी-११ चा पराक्रम: हाती लागलं काय?

दर्यावर्दी: पाणबुड्यांचा विषय निघाला की ब्रिटिशांच्या बी-११ चं कौतुक सुरू होतं. १३ डिसेंबर १९१४ ला लेफ्टनंट नॉर्मन होलब्रूक तिला घेऊन तुर्कस्तानातल्या डार्डनेल्सच्या सामुद्रधुनीत शिरला, पाणसुरुंगांच्या पाच रांगांखालून गेला आणि तुर्की युद्धनौका मेसुदिये बुडवली. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारा तो पहिला पाणबुडीवाला. धाडस मान्य. पण मेसुदिये १८७४ चं म्हातारं जहाज, तेही एका जागी नांगरून ठेवलेलं! उथळ पाण्यात ते कलंडलं आणि तुर्कांनी त्याच्या तोफा काढून किनाऱ्यावर बसवल्या. म्हणजे शत्रूच्या तोफा उलट चांगल्या जागी गेल्या.

कोकणकडा: जहाजाचं वय काढता, मग पाणबुडीचंही काढा की! १९०६ ची, पेट्रोल इंजिनाची, आत वीस माणसंसुद्धा नाहीत. बॅटऱ्या नुकत्या बदललेल्या होत्या म्हणून तर तिची निवड झाली. सामुद्रधुनीपलीकडच्या मार्मारा समुद्राकडून येणारा प्रवाह थेट तोंडावर. परतताना होकायंत्रात पाणी शिरून दिसेनासं झालं, तळाला घासत अंदाजाने बाहेर पडले. पाण्याखाली नऊ तास!

दर्यावर्दी: धाडसावर वादच नाही हो. फळ काय, ते सांगा.

जुनी_बखर: सांगतो. पाणबुडी त्या वाटेने आत जाऊन परत येते, हे तिने दाखवलं. २५ एप्रिल १९१५ ला ऑस्ट्रेलियाची एई-२ सामुद्रधुनीत शिरली आणि दुसऱ्या दिवशी थेट मार्मारात पोचली, मागोमाग ब्रिटिशांच्या ई-१४ आणि ई-११. ई-११ ने तर इस्तंबूलच्या धक्क्यापर्यंत टॉर्पेडो मारला. डार्डनेल्सलगतच्या गॅलिपोलीत लढणाऱ्या तुर्की फौजेची रसद समुद्रावरून नेणं अवघड झालं, ते उगीच नाही.

दर्यावर्दी: आणि जानेवारीत त्याच वाटेवर बुडालेली फ्रेंचांची साफिर? एप्रिलमध्ये किनाऱ्याला लागलेली ई-१५? आत पोचल्या त्या नव्या, मोठ्या, डिझेलच्या बोटी. श्रेय त्यांचं. बी-११ ला पुढे पृष्ठभागावर गस्त घालणारी बोट करून टाकलं, १९१९ मध्ये इटलीत विकली.

तिरकस: तारखा बघा. १६ डिसेंबरला जर्मनांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या स्कारबरोवर तोफा डागल्या, २२ ला होलब्रूकचा क्रॉस जाहीर. दुय्यम अधिकारी विनला डीएसओ हा लष्करी सन्मान, बाकी खलाशांना सरसकट पदकं. लोकांना चांगली बातमी हवी होती, एवढंच.

कोकणकडा: सरसकट म्हणून का हिणवता? त्या नळकांड्यात एकाचा हात चुकला असता तर सगळेच गेले असते. पदकं वाटायचीच, तर सगळ्यांना देणं हेच बरोबर.