झोपाळ्याच्या विक्रीत ९,५०० रुपये गेले, आता काय करू?

दांडियाबाजारकर:
नमस्कार. आम्ही बडोद्याला दांडियाबाजारात राहतो. पुढच्या महिन्यात वाघोडिया रोडवरच्या फ्लॅटमध्ये जायचंय आणि तिथे सासूबाईंचा सागवानी झोपाळा मावत नाही. पितळी कड्या आहेत, एकेका कडीवर मोर. दर दसऱ्याला चिंच लावून मीच घासते त्या. मुलाने फोटो काढून जाहिरात टाकली, १८,००० रुपये.

अर्ध्या तासात फोन. हिंदीत बोलत होता, मला ‘माताजी’ म्हणत होता. लष्करात आहे, फतेगंजला बदली झालीय, सामान न्यायला गाडी पाठवतो म्हणाला. भाव केला नाही. ‘आमच्याकडे पेमेंट वेगळ्या पद्धतीनं होतं’ म्हणून आधी ५ रुपये पाठवले, ते खरंच आले. मग व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, साधारण निम्मे पैसे आत्ता जमा होतील. मी टाकला. ९,५०० गेले. लगेच म्हणतो, चूक झाली, दुसरा कोड पाठवतो, दोन्ही मिळून परत येतील. त्यावर १९,००० दिसत होते. तेव्हा हात थांबला.

हे आज सकाळी अकराला झालं. मुलगा ऑफिसात आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही. एवढ्या रकमेसाठी पोलीस दखल घेतील का?

रावपुरा_नाका:
काकू, हे वाचताय तिथेच थांबा आणि आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका. पैसे तासा-दोन तासांत एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात. मधल्या एखाद्या खात्यात असतानाच तक्रार पोचली तर बँक ते रोखून धरू शकते. फोनवर यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारतील, तो अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलंत की दिसेल. तक्रारीचा नंबर मिळेल तो लिहून ठेवा. मग बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या माणसाला ब्लॉक केलंत तरी चालेल, पण चॅट पुसू नका.

आणि मुलाला आत्ताच फोन करा. माझ्या आईने तीन दिवस लपवलं होतं, त्या तीन दिवसांतच सगळं हातचं गेलं.

एक पक्कं: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला, नाहीतर शिल्लक बघायला. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला ‘रिक्वेस्ट’ पाठवून पैसे मागणं बंद केलंय, पण क्यूआरचा सापळा तसाच आहे.

जुनं_लाकूड:
माझा जुन्या फर्निचरचा धंदा आहे, बावीस वर्षं झाली. काकू, झोपाळा घेणारा माणूस पहिला प्रश्न काय विचारतो माहितीये? दोन हुकांमध्ये अंतर किती. मग पाटाची लांबी, कड्यांची लांबी, कीड लागलीय का. येऊन पाट उलटा करून बघतो, पितळ नखाने खरवडून बघतो, आणि नंतर तासभर भावावरून डोकं खातो. तुमच्या माणसाने यातलं एक तरी विचारलं का? त्याने फक्त तुमचं खातं विचारलं.

वस्तू न बघता मागितलेली किंमत कबूल करणाऱ्याला मी दुसरा फोनच करत नाही. आणि कोणी ‘पाठवले’ म्हणून स्क्रीनशॉट दाखवला, तर आधी स्वतःच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. पैसे आलेले दिसेपर्यंत हुकावरून कडी काढायची नाही.

कारेलीबागची_सून:
घेतानाही हेच होतं. माझ्या दिराने स्कूटरसाठी २,००० टोकन दिलं, समोरच्याने वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवलं होतं म्हणून. स्कूटर नव्हतीच. ओळखपत्राचा फोटो कोणाचाही पाठवता येतो.

दांडियाबाजारकर:
१९३० ला लागला फोन, तक्रार नोंदवली, बँकेतून पोच घेऊन आले. पैशांचं अजून काही कळलेलं नाही. मुलगा रागावला नाही, अर्धा दिवस सुट्टी काढून आला.

जुनं_लाकूडवाले दादा, त्याने खरंच काही विचारलं नव्हतं. काल मांजलपूरहून एक जोडपं टेप घेऊन आलं. दोघं बसून बघून गेले, हुकांचं अंतर विचारलं, पाट उलटा केला. त्यांचं छत नऊ फुटांचं आहे, कड्या कापाव्या लागतील म्हणाले. मोराच्या कड्या कापायच्या असतील तर मी देणार नाही, असं सांगितलंय. छत उंच असलेलं कोणी असेल तर इथेच लिहा, भाव बसून ठरवू.